सोमनाथच्या गाडीचा मधला दिवा

आज रविवार. बारा दिवसांपूर्वी, मंगळवारी, संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी मी गॅरेजमध्ये एका स्कूटरचा इंडिकेटर जोडत होतो. वायरचं टोक दातांत धरलं होतं. ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो, त्या उस्तादांचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला आणि ते माझ्याकडे बघत राहिले. मी वायर तोंडातून काढली, तेव्हा ते म्हणाले, "त्र्यंबक रस्त्यावर सोमनाथची गाडी पिकअपवर आदळली. गेला तो."

मावशी, अण्णा, आणि तुमच्या सोमनाथच्या या शोकसभेला जमलेल्या सगळ्यांनो, मला चारचौघांत बोलायची सवय नाही. म्हणून लिहून आणलं आहे. चार पानं आहेत. मध्ये थांबलो तर समजून घ्या. मी नववीतून शाळा सोडली, आणि सोमनाथ लॅबचा कोर्स करून रक्ताचे नमुने गोळा करायच्या कामाला लागला. तरी तो मलाच 'मास्तर' म्हणायचा. त्याच्या सॅम्पलच्या डब्यावर त्याने मार्करने 'रक्त तपासनी' लिहिलं होतं. मी ते खोडून रेडियमच्या अक्षरांत नीट करून दिलं. तो म्हणाला, "अरे मास्तर, न नळाचा काय आणि ण बाणाचा काय, रक्त तेच राहतं ना?"

तेव्हा आम्ही खूप हसलो होतो.

माझ्या आधी गणेश बोलला. गणेश सोमनाथचा शाळेपासूनचा मित्र. तो म्हणाला, सोमनाथ जपून गाडी चालवायचा. खरं आहे. तो म्हणाला, सोमनाथने सुरक्षेसाठीच जास्तीचे दोन दिवे आणि मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला होता. तेही खरं आहे. मग तो म्हणाला, आम्ही अकरा जण त्याची आठवण म्हणून आमच्या गाड्यांना तेच बसवणार, तसेच दोन दिवे आणि तसाच सायलेन्सर. आणि आज ही सभा संपली की सगळे मिळून त्र्यंबक रस्त्यावर अपघाताच्या जागेवर जाणार आणि सायलेन्सरचे आवाज काढून त्याला मानवंदना देणार. तुम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत, शोकसभा आहे म्हणून. पण बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मी पाहिलं.

त्या अकरा गाड्यांची यादी माझ्याकडे आहे. काम मलाच सांगितलं आहे. कारण सोमनाथच्या गाडीचं काम मीच केलं होतं.

म्हणून मला बोलायचं आहे.

सोमनाथला हौस नव्हती हो. हे आधी सांगतो, कारण पेपरात एका ओळीत 'मॉडिफाय केलेली दुचाकी' असं आलं आणि लोकांना वाटलं, असेल कोणी टवाळ पोरगा. तो घाबरला होता. पावसाळ्यात घोटीहून नमुने घेऊन येताना एका बसने त्याला कडेच्या चिखलात घातलं. ड्रायव्हर उतरून म्हणाला, "दिसलाच नाहीस रे बाळा." त्या रात्री त्याला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, आम्ही शटर उघडायच्या आधीच तो गॅरेजसमोर उभा होता. "मास्तर, मला दिसायचंय. लांबून दिसायचंय. आणि दिसलो नाही तर ऐकू तरी गेलो पाहिजे."

उस्ताद म्हणाले, "सायलेन्सरचा आवाज मागे जातो. पुढच्याला काय ऐकू येणार?" सोमनाथ म्हणाला, "उस्ताद, तुमचे कान गेलेत, तुम्हाला नाही कळायचं." उस्तादही हसले. मी काही बोललो नाही. मी बोलायला हवं होतं का? मला माहीत नाही. मला तेव्हा तेवढं कळत नव्हतं.

मी दिवे बसवले. कामात मी कसा आहे, ते उस्तादांना विचारा. दिवे एका पातळीत यावेत म्हणून गवंड्याची पाणसळ आणून लावली. हँडलखाली, मध्यापासून दोन्हीकडे साडेपाच साडेपाच इंच. एका दिव्याचा झोत थोडा वर जात होता, तर पुन्हा खोलून वॉशर टाकला. भिंतीवर उजेड पाडून पट्टीने मोजलं. दोन्ही अगदी बरोबर. सोमनाथ म्हणाला, "कंपनीत पण असं करत नाहीत."

मग बॅटरी बसायला लागली. तीन दिवे एकत्र चालवले की सकाळी गाडीला किक माराव्या लागत. हल्लीच्या गाड्यांचा हेडलाइट कंपनीच बंद करू देत नाही, तो कायम चालू असतो. मी ती वायर कापली आणि मध्ये स्विच घातला. एकीकडे केला की मधला हेडलाइट लागतो. दुसरीकडे केला की बाजूचे दोन लागतात आणि मधला विझतो. तो खूश झाला. बॅटरी परत कधी बसली नाही.

हे मीच केलं. माझ्या हाताने.

मावशी, तुम्हाला तो आवाज आवडायचा. तुम्ही मला सांगितलं होतं की चौकातून आवाज आला की तवा ठेवता, म्हणजे तो पायऱ्या चढेपर्यंत भाकरी होते. ते मी विसरलेलो नाही. सातपूरच्या बाजारात त्या आवाजाने माणसं खरंच बाजूला व्हायची. सोमनाथ मला म्हणायचा, "आता हॉर्नला हातसुद्धा लावावा लागत नाही मास्तर." त्याला खात्री वाटायला लागली होती. आपण दिसतो, आपण ऐकू जातो, समोरचा थांबणारच. आधी तो फाट्यावर वेग कमी करायचा. नंतर करेनासा झाला. मी त्याच्यामागे दोनदा बसलो होतो, म्हणून मला माहीत आहे.

आता पिकअपवाल्या काकांबद्दल.

ते आज इथे नाहीत. त्यांना यायचं होतं, पण ते घाबरले. तुमच्यापैकी काही जण त्यांच्या गावी जाऊन आलात, काय बोललात तेही त्यांनी मला सांगितलं. मी आणि उस्ताद सहाव्या दिवशी त्यांच्याकडे गेलो. पेठकडचं गाव आहे. घरात दिवा होता पण कोणी पुढे येईना. शेवटी काकू आल्या. मग काका आले आणि खाली जमिनीवर बसले, खाट असून.

मी विचारलं, "काका, तुम्हाला गाडी दिसली नाही का?"

ते म्हणाले, "दिसली ना. दिसली म्हणून तर थांबलो होतो. दोन लाइट दिसले, जवळजवळ. फोरव्हीलर हाय वाटलं. लय लांब हाय वाटलं. म्हणून वळवली."

"आणि आवाज?"

"नाय भाऊ. थंडी होती, काचा वर होत्या. आवाज आला तो आदळल्याचाच."

काकू मध्येच म्हणाल्या, "ह्ये काय रोज पिऊन गाडी चालवनारे नाय हो." आम्ही तसं काही विचारलंही नव्हतं. पोलिसांनी तपासणी केली आहे, ते प्यायलेले नव्हते. त्यांची चूक आहे की नाही, ते कोर्ट ठरवेल. मी ठरवणार नाही. पण त्यांचं ते एक वाक्य घेऊन मी परत आलो आणि मला जेवण जाईना. फोरव्हीलर. लय लांब.

परवा, शुक्रवारी, त्याच वेळेला आम्ही त्या जागेवर गेलो. उस्तादांनी त्यांच्या ओळखीच्या माणसाची तशीच पिकअप आणली. उस्तादांच्या मोटरसायकलला मी तसेच दोन दिवे लावले, तेवढ्याच अंतरावर, पाणसळ लावून. तसाच सायलेन्सर लावला. मी पिकअपमध्ये ड्रायव्हरच्या जागी बसलो. इंजिन चालू, काचा वर. उस्ताद सोमनाथसारखेच महिरावणीच्या बाजूने येणार होते. रस्त्यावर बाकी कोणी नाही असं बघून मी फोनवर सांगितलं, या.

दिवे दिसले. दोन, शेजारी शेजारी, एका ओळीत. अंधारात मोटरसायकल दिसत नाही हो, फक्त दिवे दिसतात. आणि फोरव्हीलरचे दिवे लांबून तसेच जवळजवळ दिसतात. मला सगळं माहीत होतं. दिवे मीच लावले होते. गाडीवर कोण आहे, ते माहीत होतं. तरी माझ्या मनात आलं, अजून लांब आहेत, वेळ आहे.

आणि उस्ताद माझ्यासमोरून निघून गेले. आवाज मग आला. गेल्यावर आला.

मी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. लावला असता तर मीही वळलो असतो.

मग आम्ही मधला हेडलाइट लावून पुन्हा केलं. नुसता तो एक. लगेच कळलं, मोटरसायकल आहे, आणि जवळ येते आहे. तिसऱ्यांदा तिन्ही लावले. तेव्हाही कळलं. मी काही इंजिनिअर नाही. तीनदा बघितलेलं सांगतो आहे, त्याहून जास्त सांगत नाही. वेगळा रस्ता, वेगळं हवामान असेल तर वेगळं दिसेलही. पण त्या वळणावर, त्या वेळेला, बारा दिवसांपूर्वी मधला दिवा विझलेला होता. स्विच दुसरीकडे होता. पोलीस ठाण्यात गाडी ठेवली आहे, तिथे जाऊन मी पाहून आलो. हँडल वाकलं आहे, पण स्विच जिथल्या तिथे आहे.

सोमनाथला दिसायचं होतं. तो दिसला. काकांना तो दुसरंच काहीतरी दिसला.

गणेश, तू मागे उभा आहेस. तुझ्या डोळ्यांत काय आहे ते मला इथून दिसतं आहे. काल तू म्हणालास, "तू काय त्या पिकअपवाल्याचा वकील आहेस का?" मी गप्प बसलो, कारण मला हे आधी मावशींसमोर सांगायचं होतं. मी वकील नाही. मी आरोपी आहे की काय, तेही मला समजत नाही. उद्या सकाळी मी पोलीस ठाण्यात जाऊन हे सगळं लिहून देणार आहे. वायर कापल्याचंही. उस्ताद म्हणाले, "गॅरेजचं नाव येईल." मी म्हटलं, "हो." त्यांनी हातातला पाना पुसून जागेवर ठेवला. मग म्हणाले, "मी पण येतो."

ती यादी मी आणलेली आहे. अकरा नंबर आहेत. यातलं एकही काम मी करणार नाही. दुसरीकडे करून घ्याल, मला माहीत आहे. नाशकात गॅरेज कमी नाहीत. पण या अकरा जणांपैकी प्रत्येकाच्या घरी कोणीतरी कान देऊन बसलेलं असतं. ज्यांनी आधीच असे दिवे लावले आहेत, त्यांनी या. मधला दिवा मी परत जोडून देतो. फाट्यावर वेग कमी करा. समोरच्याने आपल्याला ओळखलं आहे असं धरून चालू नका. एवढंच आम्हाला कळलं आहे, तेही फार उशिरा.

आणि आज त्या जागेवर जाऊ नका. त्या रस्त्यावर त्या काकांच्या गावची माणसं येतात-जातात. तिथे सायलेन्सरचे आवाज काढून सोमनाथला काही कळणार नाही. त्यांना मात्र कळेल.

मावशी, या सभेत हे बोलू की नको, यावर मी तीन दिवस विचार केला. तुमचा मुलगा गेल्याच्या दुःखातून तुम्ही अजून सावरला नाहीत आणि मी हे घेऊन उभा आहे. तुम्ही मला काहीही म्हणालात तरी मी ऐकून घेईन. आज नको असेल तर उद्या, कधीही. दार बंद केलंत तरी मी समजेन.

माझी पानं संपली.

आता आपण सगळे सोमनाथसाठी शांत उभे राहू या. दरवेळी कोणीतरी घड्याळ लावतं आणि दोन मिनिटं झाली की 'शांती' म्हणतं. मी घड्याळ लावत नाही. मी कोणालाही बसा म्हणणार नाही. मावशी बसतील, तेव्हा आपण बसायचं.