हळदमळीची हाक

थांब रे निवृत्ती, पायताण घालू नकोस अजून. चरकावरची पाळी संपली म्हणून घाई करतोस, पण कुठल्या वाटेनं जायचंय ते तर सांग. पूल ओलांडून खाली उतरणार आन् नदीकाठच्या मळीच्या रानातनं जाणार? पलीकडच्या खोलीवर जायला जवळ पडतंय म्हणून? बस खाली. काहील उतरायला अजून वेळ हाय, ताजा गूळ खाऊन जा. आन् तुम्ही बी जरा सरका, त्याला चुलवाणापाशी जागा करा. संज्या, तो मोबाईल खिशात घाल, न्हाईतर काहिलीत टाकीन. हां. आता ऐका.

ही पूल व्हायच्या आधीची गोष्ट. तवा आपल्या घाटावर नाव हुती आन् नावेवर माझा बाप, भैरू नावाडी. नावेची एक रीत हुती. तांबवडीच्या माणसाला नाव फुकट, कारण गाव दर सुगीला आम्हाला धान्य घालायचं. परगावच्यानं रोख द्यायचं. म्हणून पलीकडनं कुणी 'नाव होऽऽ' अशी हाक दिली की बाप इकडनं आधी विचारायचा, "कुठल्या गावचं?" पलीकडचा गाव सांगायचा, मगच नाव सुटायची. एवढीच रीत. पण ध्यानात ठेवा, सगळी गोष्ट तिच्यावरच हाय.

तवा आपल्या शाळेला काणे मास्तर हुते. त्रिंबक काणे, कोकणातले. इथं आल्यावर दुसऱ्याच वर्साला बायको तापानं गेली. मूलबाळ न्हाई. शाळेच्या मागच्या खोलीत एकटाच माणूस, एक स्टो आन् एक कंदील. असं एक वर्स न्हाई, दोन न्हाई, वीस वर्सं. त्यांना नाद एकच, तालुक्याचा इतिहास-भूगोल. ही एवढी जाड वही. सुट्टी लागली की चालले पायी. कुठल्या गावाची माती कसली, देव कोण, आडनावं किती, विहीर किती पुरुष खोल, पुराचं पाणी कुठल्या पायरीला लागलं, सगळं लिहायचे. तालुक्यात गावं एकशे तीन. त्यातली एकशे दोन लिहून झालेली.

आन् माणूस सरळ तरी किती? बापानं गाव विचारलं की म्हणायचे, "परगावचा." आन् पैसे पुढं करायचे. बाप म्हणायचा, मास्तर, आता तुम्ही गावचेच की. तर म्हणायचे, मी धान्य घालत नाही, मी गावचा कसा? बापाला राग यायचा. मला विचाराल तर मास्तरांचं चुकलंच, पण गावाचं जास्त चुकलं. वीस वर्सांत एका घरानं म्हटलं न्हाई, की मास्तर, आज बेंदराचा सण हाय, आमच्याकडं जेवा. वाटेत भेटले की समदी रामराम घालायची आन् आपापल्या घरी जेवायला जायची.

आता एकशेतिसरं गाव ऐका. पलीकडं नदी वळण घेते ना, तिथं तीन बाजूंनी पाणी आन् मधी काळी मळी. तिथं हळदमळी हुती. चाळीस उंबरा. अशी हळद दुसरीकडं पिकत नव्हती म्हणत्यात. त्यांची स्वतःची नाव हुती, आपल्या नावेशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. एका श्रावणात रात्रीतनं पाणी चढलं. वळण तोडून नदी सरळ गावातनं गेली. पयली गेली त्यांची नाव. मग लोकांनी हळद शिजवायच्या काहिली पाण्यात सोडल्या आन् पोरंबाळं त्यात बसवली. हीच की, अशी काहील, बघा समोर. सकाळी काहिली घावल्या चार कोसांवर, पालथ्या. माणूस एक न्हाई वाचला. वाचली ती एक सगुणाबाई, ती बी लग्न होऊन वरच्या कारंदी गावात नांदायला गेली हुती म्हणून.

मास्तर गेले त्या म्हाताऱ्या सगुणाबाईकडं. दिवाळी झालेली, कार्तिकातले दिवस, सांज लवकर पडायची. म्हातारीला माहेरचं विचारणारं साठ वर्सांत कुणी भेटलं नव्हतं. ती बोलायलाच लागली. कुणाचं घर कुठं, कुणाच्या दारात काय झाड, कुणाची पोरं किती. तिचा धाकटा भाऊ गणू, शेजारची ताई, कोंडीबा, लंगडा मारुती. मास्तर लिहीत सुटले. वही मिटली तवा अंधार पडला हुता. म्हातारी म्हणली, वरच्या रस्त्यानं जावा, लांब पडलं तरी चालंल. मास्तरांनी हूं म्हटलं. पण वरच्या रस्त्यानं दीड कोस, आन् जेवणवेळेनंतर नाव बंद. मास्तर उतरले मळीत.

ऐका हां. थोडं चालले आन् वास आला. हळद शिजल्याचा. आता तुम्ही शेतकऱ्याची पोरं, सांगा बरं, हळद कवा शिजते? शिमग्याच्या सुमाराला. कार्तिकात हळद रानात हिरवीगार उभी असते. मास्तरांनी बी मनात तेच म्हटलं, आन् चालत ऱ्हायले. मग एक बाभळ लागली, वाकडी. ती मागं पडली. थोड्या वेळानं पुन्हा बाभळ, तशीच वाकडी. मास्तर म्हणले, असतील दोन. मग तिसऱ्यांदा आली. तिसऱ्यांदा त्यांनी हात लावून बघितलं, तर खोड ओलं, डोक्याच्या वरपर्यंत ओलं, जसं काय पूर आत्ता उतरलाय. मास्तरांनी वही काखेत घट्ट धरली.

तेवढ्यात समोर पाणी चमकलं. मास्तरांना वाटलं, आला घाट. त्यांनी हाक दिली, "नाव होऽऽ".

लगेच आवाज आला, "कुठल्या गावचं?"

लगेच. नदीचं पात्र केवढं, हाक पलीकडं पोचून जबाब यायला वेळ लागतो का न्हाई? हा आवाज तर असा, हातभरावरनं आल्यासारखा. पण मास्तर दमलेले. वीस वर्सांची सवय तोंडात. म्हणले, "परगावचा."

मग सगळं गप झालं. रातकिडा गप, पाणी गप. आन् तोच आवाज हळूच म्हणला, "कुठल्याच गावचं न्हाई? मग आमच्या गावाला चला."

पाण्याच्या कडेनं एक माणूस निघाला, हातात कंदील. पुढं पुढं चालला. मास्तर त्याच्यामागं. का गेले? मी बी बापाला हेच विचारलं हुतं. बाप म्हणला, वीस वर्सांत त्यांना चला म्हणणारं कुणी भेटलंच नव्हतं. मास्तरांनी खाली बघितलं. मळीत त्यांचं स्वतःचं पाऊल घोट्याएवढं रुततंय, आन् पुढच्याचं पाऊलच न्हाई. कंदिलाचा उजेड चिखलावरनं सरळ चाललाय. तवा ते भ्याले. माघारी फिरायला बघितलं, तर मागं बी पाणी.

मग घरं दिसली. चाळीस उंबरा. दारादारात चूल पेटलेली, काहिलीतनं वाफ निघतेय. बाया दारात उभ्या. एक म्हणली, मास्तर, हातपाय धुवा, पान वाढलंय. दुसरी म्हणली, तिकडं घरी वाट बघणारं हाय का कोण? मास्तरांनी इचार केला. खोटं कसं बोलणार? वाट बघणारं कुणीच नव्हतं. खोलीला लावलेलं कुलूप तेवढं हुतं. तिसरी म्हणली, आमच्या पोरांना मास्तर न्हाई हो. साठ वर्सं झाली, पोरं तशीच बसल्यात.

आन् खरंच, पोरं बसली हुती. वडाखाली, रांगेनं, मांडी घालून. सगळ्यांचे केस ओले. मास्तरांना काय वाटलं असंल ते वाटलं असंल, त्यांनी वही उघडली आन् हजेरी घ्यायला लागले.

"गणू."

"हजर."

"ताई."

"हजर."

"कोंडीबा."

आता इकडं या अलीकडं, माझ्या बापाकडं. बाप नावेतच आडवा पडला हुता. मास्तर सकाळी पलीकडं गेलेत, अजून परतले न्हाईत, हे त्याच्या ध्यानात हुतं. म्हणजे बघा, वाट बघणारं एक माणूस हुतं. पण त्यानं ते मास्तरांना कवा बोलून दाखवलं नव्हतं. त्याच्या कानावर हाक आली. त्यानं उठून विचारलं, कुठल्या गावचं? जबाब न्हाई. आमच्यात माझ्या आज्याची ताकीद हुती, रात्रीची हाक आली तर गाव ऐकल्याशिवाय नाव सोडायची न्हाई. बाप उभा ऱ्हायला कान देऊन. आन् त्याला ऐकू आली हजेरी. काळोखात, भर नदीतनं, कुणीतरी पोरांची नावं घेतंय. हजर म्हणणारं मात्र त्याला कुणी ऐकू येईना. नुसता मास्तरांचाच आवाज, आन् तो हळूहळू खाली खाली चाललेला.

बापाच्या अंगावर काटा आला. पण तो पळाला न्हाई. तोंडाला दोन्ही हात लावून पुन्हा ओरडला, "कुठल्या गावचं होऽऽ?"

तिकडं मास्तरांनी हाक ऐकली. बघत्यात तर ना वड, ना घरं. गळ्यापर्यंत पाणी, वही डोक्यावर धरलेली, आन् भोवतीनं ओली डोकी. सगळी त्यांच्या तोंडाकडं बघतायत. सगळी वाट बघतायत, मास्तर काय जबाब देतात त्याची. मास्तरांच्या ओठावर तोच शब्द आला, नेहमीचा. परगावचा. एक अक्षर बाहेर पडलं बी, 'प'. डोकी जवळ सरकली.

मास्तरांनी शब्द गिळला. म्हणले, "तांबवडीचा. मी तांबवडीचा आहे, भैरू, तांबवडीचा मास्तर."

आयुष्यात पयल्यांदा खोटं बोलला तो माणूस. का खरं बोलला, तुम्ही ठरवा.

बापानं नाव अशी सोडली म्हणून सांगू. मधोमध जाऊन मास्तरांच्या सदऱ्याला धरून वर वढलं. मास्तर वाचले, पण वही गेली. बाप सांगायचा, वही बुडाली न्हाई. पाण्यावरनं उलटी, धारेच्या विरुद्ध, वळणाकडं गेली. जसं काय कुणी हातोहात न्यावी. मास्तर काठावर बसून रडले. बापाला वाटलं, वहीसाठी. तर म्हणले, "भैरू, माझी हजेरी अर्धीच राहिली रे. उरलेली पोरं नाव घ्यायची वाट बघत असतील."

त्या रात्री बापानं त्यांना आमच्या घरी आणलं. आईनं भाकरी वाढली. पुढं मास्तर जगले तवर रोज रात्री आमच्याकडंच जेवले, आन् सुगीला आमच्या धान्यात एक पायली त्यांची यायला लागली. पण त्या पयल्या रात्री जेवण झाल्यावर बापानं त्यांना एक सांगितलं, ते गावात दुसऱ्या कुणाला माहीत न्हाई. आज तुम्हाला सांगतो. मी आता किती दिवसांचा.

त्या पुराच्या रात्री हळदमळीनं हाक मारली हुती. नाव होऽऽ, नाव होऽऽ. तवा नावेवर माझा आज्या. त्यानं रीतीप्रमाणं विचारलं, कुठल्या गावचं? त्यांनी सांगितलं, हळदमळी. आन् नाव सुटली न्हाई.

पाणी लई हुतं म्हणून सुटली न्हाई, का हळदमळीचं धान्य आमच्या घरात येत नव्हतं म्हणून, हे आज्याला कुणी विचारलं न्हाई. त्यानं बी सांगितलं न्हाई. मरताना एवढंच म्हणला, चार वेळा हाक आली.

म्हणून ती हळदमळीची माणसं आज बी गाव विचारत्यात. त्यांचं तरी काय चुकलं?

तर निवृत्ती, त्या वाटेनं जाऊ नकोस. कुणीच जाऊ नका, दिवसा बी नको, रात्री तर न्हाईच. पुलावरनं वरच्या रस्त्यानं जा, लागू दे उशीर. तुझं गाव लांब, दोन जिल्ह्यांपलीकडं, इथं तुझं कोण न्हाई, हे मला माहीत हाय. म्हणूनच तुला बसवून घेतलं. आन् एवढं ऐकून बी चुकून कवा उतरलास, आन् अंधारातनं कुणी विचारलंच, तर खरं सांगायच्या भानगडीत पडू नकोस. तांबवडीचा म्हणून सांग. आमची कुणाची हरकत न्हाई.