बारा दिवस उघडी फाईल

— नाही हो ताई, पेनड्राइव्हला नावं नका ठेवू, तो ठणठणीत आहे. फॉन्ट उतरलाय माझ्या कॉम्प्युटरवर, हा बघा, फोल्डरमध्ये दिसतोय ना? दिसतोय. पण आमचं हे डिझाइनचं सॉफ्टवेअर — त्याच्या यादीत नाही. का नाही? कारण हे येडं उघडताना एकदा काय ती यादी वाचतं आणि मग कानात बोळे घालून बसतं. मागाहून कोण आलं, कोण गेलं, याला पत्ताच नाही. नव्या सॉफ्टवेअरला म्हणे आपोआप कळतं, आमचं जुनं. तुमच्या भाचीनं एवढ्या हौसेनं पाठवलाय, शिवणकामाच्या नव्या दुकानाची पाटी, मला काय कळत नाही? थांबा, दुसरी फाईल उघडून बघतो — छे. परत यादी चाळतो — तेच ते. बसा ना, उभ्या का?

बंद करून परत उघडू? हो, औषध तेच आहे, दोन मिनिटांचं काम. पण बंद नाही करता येणार. फाईल मोठी आहे हो — जड आहे — नाही, सेव्ह केलीये, सेव्हचा प्रश्नच नाही. सेव्ह होतं ते शेवटचं पान. त्याच्या आधी कोणी काय काय केलं, ती ही उजवीकडची यादी — एकेक पायरी मागं जाता येतं — ती बंद केलं की पुसली जाते. बारा दिवस झाले, मी हे बंद केलेलं नाही. घरी जाताना पडद्यावर फडकं टाकतो, वर चिठ्ठी लावतो, 'हात लावू नये'. कोणासाठी लावतो? दुकानात मी एकटाच. दादा येत नाही ना आता.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. ही खुर्ची त्याची, बावीस वर्षं. मला कान पिरगाळून शिकवलं त्यानं. त्याचा एक नियम होता — वेळापत्रक असो नाहीतर आणखी काही, ओळ न् ओळ हातानं टाइप करायची. एक ओळ उचलून दुसरीकडं चिकटवायची नाही, जुना आकडा बदलायचा राहतो. मी हसायचो. म्हणायचो, दादा, जग कुठल्या कुठं गेलं, तू अजून गोगलगाय!

तर नर्सिंगच्या परीक्षेचं वेळापत्रक होतं. शुक्रवारी छापून दिलं. सोमवारचा पेपर अकराला, आणि छापलं गेलं दोन. सतरा मुली दोनला आल्या, गेटवर रडत होत्या हो. त्यांच्या मोठ्या बाई इथं आल्या, तुम्ही बसलात ना, तिथंच उभं राहून विचारलं, चूक कोणाची? दादा म्हणाला, फाईल मी केली, माझीच असणार. आणि मी — खोटं कशाला बोलू — मलाही तेव्हा खरंच तसं वाटलं. म्हटलं, वय झालं त्याचं. मनात नाही, तोंडावर म्हटलं. बाईंच्या देखत. मुलींचा पेपर पुन्हा घेतला त्यांनी, ते निभावलं. दादाचं नाही निभावलं. त्या दिवशी उठला तो परत या खुर्चीत बसला नाही.

मंगळवारी मी ओळ दुरुस्त करायला म्हणून मागं मागं जात गेलो. टाइप, टाइप, टाइप — आणि मधेच एक 'पेस्ट'. दादानं जन्मात पेस्ट केलेलं नाही ताई! शुक्रवारी तो जेवायला उठला होता, मी पाच मिनिटं बसलो होतो. रेघ वाकडी दिसली म्हणून मंगळवारच्या पेपरची ओळ उचलून सोमवारवर टाकली. वार बदलला, विषय बदलला, वेळ राहिली.

पडद्याचा फोटो? काढलाय की. पण फोटोत मी काय वाट्टेल ते करून देतो हे त्याला माहीत आहे, धंदाच आहे आमचा! म्हणेल, धाकटा माझं मन राखतोय. त्याला इथं बसवून, त्याच्या हातानं मागं जायला लावलं पाहिजे. आज बोलावतो, उद्या बोलावतो — आठ दिवस गेले. लाज वाटते हो. काय तोंडानं सांगू? परवा वहिनीचा फोन आला. डोळे तपासले म्हणाली, डॉक्टर म्हणाले नजर उत्तम आहे. दुसरा कोणी पेढे... जाऊ द्या, दुसरा कोणी खूश झाला असता. हा घाबरला. म्हणाला, डोळे ठीक, म्हणजे माझं डोकंच कामातून चाललंय. आता घराचं कुलूप चारदा ओढून बघतो. वहिनीला हाक मारतो आणि विचारतो, बरोबर घेतलं ना तुझं नाव? आणि मी इथं पडद्यावर फडकं टाकतोय. शाबास माझी!

आज किल्ली द्यायला येणार आहे तो. कायमची. म्हणून तर मघापासून — थांबा. जिन्यात चप्पल वाजली? त्याचीच. घासत चालतो, लहानपणापासून. नाही, उठू नका ताई, पाया पडतो. एका परक्या माणसासमोर त्याला नावं ठेवली होती, परक्या माणसासमोरच — ये दादा. किल्ली राहू दे खिशात. बस. तुझ्या खुर्चीत बस रे. चष्मा काढू नकोस, ही यादी वाच — मी नाही वाचणार, तू वाच, मोठ्यानं. शुक्रवार, दुपार. ती ओळ. तू केलंस का कधी पेस्ट? सांग ना. कोणी केलं?

हो दादा, त्याच ओळीवर बोट ठेवलंस. मीच केलं.

ताई, तुम्ही या आता. तुमचा फॉन्ट उद्या दिसेल.