तिसऱ्या टाकीचं पाणी

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपले मालक, व्यासपीठावरचे व्यवस्थापक साहेब, सत्कारमूर्ती केमिस्टबाई, आणि बाटल्या धुणाऱ्या, भरणाऱ्या, वाहणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मी स्टोअरकीपर. संशय घेण्याचाच मला पगार मिळतो. पण बाईंपुढे मी कच्चा लिंबू. नितळ पाणी पाहून माणसं खूश होतात, बाईंच्या कपाळाला मात्र आठी पडते.

इथं आल्या आल्या त्यांनी आम्हाला कॅन्टीनमध्ये बसवलं. एका ग्लासात साखरेचं पाणी, दुसऱ्यात मिठाचं. तारा बुडवल्या. साखरेत बल्ब ढिम्म, मिठात लख्ख. म्हणाल्या, "साखर विरघळते, पण तिचा रेणू अख्खा राहतो. मिठाची जोडी पाण्यात पार फुटते, दोघं सुटे फिरतात आणि वीज वाहून नेतात. टाक्या धुवायचा कास्टिक सोडाही त्याच जातीचा. दिसत नाही म्हणजे गेला, असं समजू नका."

तेव्हापासून रीतच पडली. टाकी धुताना आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात वीज किती वाहते ते दाखवणारा मीटर बुडवायचा, आणि आकडे जुळेपर्यंत धूत राहायचं. व्यवस्थापक साहेब म्हणायचे, "बाई, किती पाणी वाया घालवता?" प्रेमानंच म्हणायचे, असं आपण धरून चालू.

गेल्या महिन्यात तिसऱ्या टाकीचे आकडे काही जुळेनात. बाईंनी आतल्या पाण्यासकट तिला कुलूप ठोकलं. सकाळी येऊन पाहतात तर कुलूप गायब, टाकी रिकामी. पाणी गटारात सोडलं म्हणे. मग त्याच दिवशी माझ्याकडून गोदामाची चावी कशाला काढून घेतली? मी आपला विचारतोय. आणि बाईंना विश्रांतीची गरज आहे, हे आठवड्याभरात त्यांच्याआधी ऑफिसला कसं कळलं?

असो. निरोपाच्या सत्कारात असलं बोलू नये. पण मला वाईट वाटतंय, आणि भीतीही वाटतेय. हेच पाणी माझी पोरं पितात. यापुढे ती कुणाच्या भरवशावर पिणार?

समारोप करतो. आयोजकांचे मनापासून आभार. व्यासपीठावर त्यांनी पाण्याच्या बाटल्या मांडल्यात, लेबलं सोलून. झाकणं पांढरी आहेत. आपल्या कारखान्याचं झाकण निळं असतं, हे मी सांगायला नको. तुमच्या हातातली सगळी निळीच आहेत.

तेव्हा मंडळी, अजून कुणी घोट घेऊ नका. आपल्या पाण्याचा नेहमीचा आकडा बाईंना पाठ आहे, आणि मीटर त्यांच्या पर्समध्ये आहे. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. पाणी मात्र इतक्यात घालू नका.

या, बाई.