आग इल्ल!

भाषा येत नसेल तर विचारावं, पण मोठ्या माणसांना तेवढंच जमत नाही बघा. आमचे मोठे काका पुण्याहून येऊन हुबळीत मिरचीसाठी कोल्ड स्टोरेज बांधत होते. भिंतींना आतून फोम फवारून झाला होता. त्यावर प्लास्टर हवंच, नाहीतर ठिणगीनं पेटेल, असं फवारणाऱ्यांनी बजावलं होतं. काकांना उद्घाटनाची घाई. त्यांनी बसप्पा गवंड्याला विचारलं, "प्लास्टरशिवाय चालेल ना?"

"आगंगिल्लरी," म्हणून तो घमेलं उचलून गेला.

काका खूश. "ऐकलंस? आग इल्ल! आग नाही म्हणतोय. पाठव वेल्डरला आत."

मी अप्पांकडे, माझ्या वडिलांकडे, पाहिलं. त्यांचं अर्धं आयुष्य धारवाडात गेलेलं, कानडी उत्तम, पण मान खाली.

मग मीच फोमचा तुकडा बाहेर नेऊन काडी लावली. भपकन पेटला. काळ्या धुरात काका दिसेनात.

"काका, आगंगिल्ल म्हणजे चालणार नाही. आगीला इथं बेंकी म्हणतात."

"कॉलेज सोडलेल्यानं मला शिकवू नये," काका खोकत म्हणाले. पण वेल्डरला थांबवलं.

काकांचा मला राग नाही. त्यांना एकच भाषा येत होती. अप्पांना दोन येत होत्या, आणि मोठ्या भावापुढे एकही फुटली नाही.