दाराशी

दातांच्या दवाखान्यात शिंपी सुजलेला गाल धरून बसला होता. मागच्या बाकावर दोन मैत्रिणींचं चाललं होतं.

"काल बोक्यानं करड्या कोंबडीला नेलं गं."

"खुराडं उघडं राहिलं होतं?"

"दाराशी फट होती. नेमकी तिथेच झोपायची ती, जमिनीवर."

"वर दांडी आहे की."

"तिथे तरण्या कोंबड्या बसतात. टोचून टोचून हिला खाली पाडायच्या."

"मग उचलून ठेवायचंस वर."

"रोज ठेवायचे. पुढेपुढे तीच वर जाईना. म्हटलं, तिला खालीच बरं वाटतंय."

"बिचारी! बरं, सासूबाई कशा आहेत?"

"आहेत. खोली आता मुलांना लागते ना, त्या बाहेरच्या दाराशी झोपतात."

"एवढ्या थंडीत?"

"आम्ही म्हटलं की, आत या. पण त्यांना तिथेच बरं वाटतं."