आठ तासांच्या वर्गाबद्दल थोडंसं

आदरणीय अध्यक्षमहोदय, आमच्या परवाना खात्याचे नवे साहेब, व्यासपीठावरील मान्यवर, बोटक्लबचे पदाधिकारी, माझे सहकारी, माझ्या वर्गात कधी ना कधी डुलक्या काढलेले समस्त बोटचालक आणि तिसऱ्या रांगेत घड्याळाकडे बघत बसलेली माझी पत्नी, सर्वांना नमस्कार.

सत्तावीस वर्षं मी हौशी बोटचालकांना सुरक्षेचे धडे दिले, परीक्षा घेतल्या, परवान्यांवर सह्या केल्या. थकलो, हे कबूल करतो. दर रविवारी तोच फळा, तेच प्रश्न, आणि ‘अहो, तळ्यात बोट फिरवायला शाळा कशाला?’ असं विचारणारा एक तरी गृहस्थ. तुम्ही पाठीमागे मला ‘आठतास’ म्हणता, तेही ठाऊक आहे. नियमाने वर्ग आठ तासांचा, आणि मी कुणाला पावणेआठ तासांत सोडत नाही. आधीच्या साहेबांच्या मेव्हण्यालाही सोडलं नाही.

आत्ता साहेब म्हणाले, माझ्या सहीच्या एकाही परवान्याला गालबोट लागलेलं नाही. साहेब, तुम्ही मनापासून बोललात, आभारी आहे. पण तुम्हाला इथे येऊन दोनच महिने झालेत, आणि माझं सेवापुस्तक बरंच जाड आहे. त्यातलं एक पान तुमच्या नजरेतून सुटलं. ते सांगितल्याशिवाय हा पुष्पगुच्छ घरी नेणं मला जमायचं नाही.

एकोणीस वर्षं झाली. माझ्या पत्नीचं अवघड ऑपरेशन एका डॉक्टरांनी केलं होतं. ती आज इथे बसली आहे, ती त्यांच्यामुळे. पुढे डॉक्टरांनी लहानशी मोटारबोट घेतली आणि वर्गाची चौकशी करायला आले. रविवारीही त्यांना पेशंट सोडवत नसत. मीच म्हणालो, तुमच्यासारख्या माणसाला मी काय शिकवणार? हजेरीपटावर ‘हजर’ लिहिलं. उत्तरपत्रिका त्यांनी दवाखान्यात पुस्तक उघडून भरली. मी सही ठोकली आणि उपकार फेडल्याच्या समाधानात घरी गेलो.

दीड महिन्याने ते पत्नीला घेऊन जलाशयात गेले. इंजिनाच्या किल्लीजवळ एक लाल दोरी असते. चालकाने ती मनगटाला अडकवायची. तो पाण्यात पडला की दोरी ओढली जाते आणि इंजिन बंद पडतं. वर्गाच्या तिसऱ्या तासाला मी हे शिकवतो. डॉक्टरांना ती दोरी कशाची, ठाऊकच नव्हतं. वळण घेताना ते बाहेर फेकले गेले. बोट चालूच राहिली, गोल गोल फिरत. त्यांच्या पत्नीला ती थांबवता येईना. नवऱ्याला हात द्यायला त्या वाकल्या आणि पाण्यात गेल्या. दोन्ही लाइफजॅकेट बाकाखाली, पिशवीत, नवी कोरी. मासे धरणाऱ्या दोघांनी डॉक्टरांना बाहेर काढलं. त्यांच्या पत्नी सापडल्या, त्या दुसऱ्या दिवशी.

मी लेखी कबुली दिली. चौकशी झाली, ठपका बसला, नोकरी वाचली. डॉक्टरांकडे जायला मात्र पाय उचलेना.

तीन महिन्यांनी एका रविवारी तेच वर्गात आले आणि शेवटच्या बाकावर बसले. मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, आता तुम्हाला याची काय गरज?

ते म्हणाले, “हजेरीपटावर माझं नाव आहे. तेवढं खरं करू द्या.”

तिसऱ्या तासाला, दोरीचं सांगताना, माझा आवाज बसला. डॉक्टरांनी हात वर केला.

“मागे ऐकू येत नाही. मोठ्याने सांगा.”

मी मोठ्याने सांगितलं. ते आठही तास बसले, परीक्षा दिली, पास झाले. बोट पुन्हा कधी चालवली नाही.

परवा त्यांना निमंत्रण द्यायला गेलो होतो. आता त्यांचंही वय झालंय. म्हणाले, मी येणार नाही. सांगायचं असेल तर सांगा, फक्त आमच्या हिचं नाव घेऊ नका. म्हणून घेतलं नाही.

येत्या रविवारपासून वर्ग आमच्या मॅडम घेतील. मॅडम, लोक घाई करतील, ओळखी काढतील. एखाद्याचे तुमच्यावर खरोखरच उपकार असतील. त्याला चहा पाजा आणि बाकावर बसवा.

माझ्यासारख्या कंटाळवाण्या मास्तरासाठी तुम्ही एवढा घाट घातलात, मी ऋणी आहे. कुणाचा उल्लेख राहिला असेल, बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर पदरात घ्या. त्या एका सहीची माफी मात्र तुमच्याकडे मागत नाही. ती देणं तुमच्या हातात नाही.

नमस्कार.