वहिनीचं सनस्क्रीन आणि आपल्या हॉलची फरशी

बसा सगळे. ऑकलंडहून गाडी चालवत आलात, ते-रापाच्या कारखान्यातून शिफ्ट बदलून आलात, आभार. मी मंदा, शोभावहिनीची नणंद. इथे उभं राहून बोलणं फार जड जातंय. रडू येतंय म्हणून नाही. राग आवरत नाहीये म्हणून.

आत्ता चहाच्या टेबलापाशी कुणीतरी म्हणालं, "रोज थापायची ना ते सनस्क्रीन! मग व्हिटॅमिन डी कुठून मिळणार? हाडं ठिसूळ झाली, पडली आणि गेली." नाव घेत नाही. ज्यांनी आत्ता मान खाली घातली, त्यांना कळलंय.

पण ते केतकीनं ऐकलं. वहिनीची लेक मराठी बोलत नाही, तरी तिला सगळं कळतं, हे तुम्ही विसरलात. पोर माझ्यापाशी येऊन विचारते, "आत्या, शुड आय हॅव मेड हर स्टॉप?" आई जाऊन आठवडा झाला नाही, आणि तिच्या डोक्यात तुम्ही हे घातलंत?

म्हणून ठरवून आणलेलं भाषण राहू दे. केतकी, हे तुझ्यासाठी आहे. बाकीच्यांनीही ऐकलं तर बरं.

वहिनी फार्मसिस्ट होती. आयुष्यभर तुम्हाला फुकट सल्ले दिले तिनं. स्वतःचं डी तपासून घ्यायची, डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्यायची. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर मला म्हणाले, डी व्यवस्थित आहे, हाडंही वयाच्या मानानं चांगली आहेत. कळलं? व्यवस्थित! उन्हात खुर्ची टाकून बसणारी मी, आणि कमी निघालं ते माझं.

इथलं ऊन पुण्यासारखं नाही, भाजतं, हे सांगून सांगून ती थकली. तुम्ही काय म्हणालात? "आपल्या रंगाला कशाला लागतं?" "गोरं व्हायचंय वाटतं!" माझा भाऊ गेला तेव्हा तर हद्द केलीत. "नवरा गेला, तरी चेहऱ्याचे लाड काही सुटत नाहीत."

हो, साठीतही तिचा चेहरा तुकतुकीत होता. ऑकलंडला अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात भाजीवाल्यानं मला विचारलं, "इज शी युवर डॉटर?" मी तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान! वहिनीनं गाडीपर्यंत हसू दाबलं आणि मुकाट्यानं ट्यूब माझ्या हातात दिली.

आणि ते लाड कुणी लावले होते, माहीत आहे? माझ्या भावानं. वहिनीचा खांदा आखडलेला, हात मानेमागे जायचा नाही. रोज सकाळी तो तिच्या मानेला क्रीम लावून द्यायचा. "थांब गं, कानामागे राहिलं." तो गेल्यावर केतकी लावायची. शेवटचं मी लावलं, शवपेटी बंद करायच्या आधी. तेव्हाही मागे कुजबुज झालीच.

आता ती पडली कशी, ते सांगते. इथेच पडली. त्या दारामागच्या स्वयंपाकघरात. गणपतीचं जेवण झालं होतं. भजी तळताना तेल सांडलं. तुम्ही पाहिलंत, आणि ओलांडून गेलात. ती म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी पातेली घासून येते." तुम्ही झालात पुढे. बाहेर लॉनवर फोटो चालले होते, ढोल वाजत होता. तिनं हाक मारली, ती कुणाला ऐकू जाणार?

खुबा मोडला. ऑपरेशन झालं. मग रक्ताची गाठ फुप्फुसात गेली. पडली त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये मी तिच्या साडीची घडी करायला घेतली, तर निऱ्यांपासून पदरापर्यंत तेल. मी चिडले. तर मलाच म्हणते, "मंदा, कुणाला बोलू नकोस हं. दिवसभर राबल्या होत्या गं सगळ्या."

वहिनी, मी बोलले. तुझं ऐकलं नाही. तुझ्या लेकीनं जन्मभर ते ओझं वाहायचं का?

केतकी, बाळा, क्रीमनं नाही. तेलानं.

आता उठा. दोन मिनिटं तिच्यासाठी गप्प उभं राहू या. आणि ज्यांना गप्प राहणं जमत नसेल, त्यांच्यासाठी त्या दारामागे मॉप ठेवलाय. सकाळीच पाहून आले मी. फरशी अजून चिकट आहे.